रोख साहाय्य आणि धानाचे वर्ष : गोंदिया परिसराचा सव्वाशे वर्षांचा अनुभव

गरीब कुटुंबाच्या हाती रोख रक्कम दिली असता ते तिचे काय करील, हा प्रश्न गेल्या दोनतीन दशकांत अर्थशास्त्रीय चर्चेत बराच पुढे आला आहे. मेक्सिकोत १९९७ साली मुलांच्या शाळेतील हजेरीशी व आरोग्य-तपासणीशी जोडलेले रोख साहाय्य सुरू झाले. पश्चिम केनियात पुढे कोणतीही अट न घालता एकरकमी पैसे देऊन पाहण्यात आले, तेव्हा अनेक कुटुंबांनी गवती छपराच्या जागी पत्रे घातले असे आढळले. मध्यप्रदेशात २०११-१२ मध्ये 'सेवा' या स्त्री-कामगारांच्या संस्थेने आठ गावांत दरमहा ठराविक रक्कम वाटण्याचा प्रयोग केला. तेथे प्रौढास प्रथम २०० व नंतर ३०० रुपये आणि मुलास त्याच्या निम्मे असे प्रमाण होते. अन्न, शाळा, शेळ्या-कोंबड्या आणि जुन्या कर्जाची फेड यांकडे ही रक्कम मुख्यतः वळली. या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. ती अशी की, रोख पैसा गरिबाच्या हाती थेट देण्याची कल्पना नवी आहे आणि म्हणून तिचे परिणामही प्रथमच पाहावयाचे आहेत. वैनगंगेच्या पूर्वेकडील धानपट्ट्याचा इतिहास या गृहीताला पुष्टी देत नाही.

गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा त्याचा सर्व वृत्तांत भंडारा जिल्ह्याच्या नावाखाली सापडतो, आणि भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रांताचा व नंतर मध्यप्रदेशाचा भाग होता. त्यामुळे येथील दुष्काळ-साहाय्याचा विचार करताना पुणे-अहमदनगरकडील अनुभव फारसा उपयोगी पडत नाही. तो ज्वारी-बाजरीचा, अवर्षणप्रवण मुलूख; हा तलावांचा व बांध्यांचा मुलूख. कोहळी व पोवार शेतकऱ्यांनी आणि मालगुजारांनी बांधलेल्या तलावांवर येथील धान उभे असते. पाऊस एरवी भरपूर पडतो. संकट येते ते तो अवेळी थांबल्यास.

पैशाचा विनियोग समजावयाचा तर प्रथम येथील वर्ष समजून घेतले पाहिजे. चैत्रात मोहफुले व वैशाखात तेंदूपत्ता यांतून थोडी रोकड घरात येते. ती कवेलू फेरण्यात, लग्नकार्यात व बियाण्यात जाते. मृगात पऱ्हे टाकले जातात, आषाढात रोवणी सुरू होते आणि श्रावणाच्या सुमारास ती संपते. रोवणीत मजुरी असते, विशेषतः स्त्रियांना. रोवणी आटोपली की भाद्रपद-आश्विनात काम विरळ, कोठीतले धान संपलेले, आणि नवे धान अजून बांधीत हिरवे. हलके धान दिवाळीच्या आसपास हाती येते, भारी धान त्यानंतर. मग कापणी, चुरणे, देणेकऱ्यांचा तगादा, आणि गावोगावच्या मंडया. झाडीपट्टीतील मंडई म्हणजे नुसती करमणूक नव्हे. पाहुण्यारावळ्यांचा वर्षाचा व्यवहार तेथेच होतो, हे बाहेरच्या निरीक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. सारांश, येथे रुपयाला महिना असतो. वैशाखातला रुपया छपराचा, आषाढातला बियाण्याचा, भाद्रपदातला पोटाचा आणि मार्गशीर्षातला सावकाराचा. तोच रुपया वेगळ्या महिन्यात आला तर तो वेगळे काम करतो.

१८९६ साली पाऊस ऑगस्टच्या अखेरीस एकाएकी थांबला. हस्ताचा पाऊस, ज्यावर भारी धानाचे दाणे भरतात, तो आलाच नाही. आधीची दोनतीन वर्षेही वाईटच गेली होती. १८९९ साली तर पावसाने जवळजवळ पूर्ण दगा दिला. या दोन दुष्काळांच्या दशकात भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मधील सुमारे ७ लक्ष ४३ हजारांवरून १९०१ मध्ये सुमारे ६ लक्ष ६३ हजारांवर आली. या आकड्यांच्या पार्श्वभूमीवर सरकारी व खाजगी साहाय्याचे स्वरूप पाहिले पाहिजे.

ते साहाय्य मुख्यतः तीन प्रकारचे होते. पहिला प्रकार दुष्काळी कामांचा : रस्ते, तलाव, खडी. मजुरी रोख मिळे, परंतु तिचा दर धान्याच्या बाजारभावावरून ठरे. माणसाला जगण्यास किती शेर धान्य लागेल याचा हिशोब करून त्याची किंमत हातावर ठेवली जाई. अर्थात ही रोकड नाण्यांच्या रूपातील धान्यच होती. दुसरा प्रकार कामास असमर्थ असलेल्यांना गावातच फुकट मदत देण्याचा. तिच्या याद्या गावचा मुकद्दम व पटवारी यांच्यामार्फत होत. १८९९-१९०० च्या दुष्काळात मध्यप्रांतात शिजवलेले अन्न देणाऱ्या अन्नछत्रांवर मोठा भर देण्यात आला. रोख द्यावे की शिजवलेले अन्न द्यावे, हा वाद त्या वेळच्या अधिकाऱ्यांत चांगलाच रंगला होता. शिजवलेल्या अन्नाच्या बाजूने दिला जाणारा मुख्य युक्तिवाद असा की, खरा भुकेला असेल तोच ते खाण्यास येईल. या युक्तिवादात गरिबापेक्षा तिजोरीची काळजी अधिक होती, असे म्हणावयास हरकत नाही. अन्नछत्रात दुसऱ्याच्या हातचे खाणे ही ज्यांना अप्रतिष्ठा वाटे असे पुष्कळ लोक शेवटपर्यंत तेथे गेले नाहीत, आणि मदतीची ही अदृश्य गाळणी सरकारी हिशोबात बचत म्हणून दिसली.

तिसरा प्रकार प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. १८९७ साली व पुन्हा १९०० साली कलकत्त्यास मध्यवर्ती समिती स्थापन होऊन अखिल भारतीय दुष्काळ-धर्मादाय निधी उभारण्यात आला. त्यात देशातून व इंग्लंडमधून पैसा आला. १८९७ चा निधी दीड कोटी रुपयांहून अधिक होता. त्याचे चार उद्देश ठरविण्यात आले : सरकारी मदतीला किरकोळ जोड देणे, अनाथांचे पालन, उघडपणे मदत न मागू शकणाऱ्या अब्रुदार गरिबांना साहाय्य, आणि चौथा, दुष्काळाशी झगडण्यात ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना पुन्हा पूर्वस्थितीस आणून जीवनाचा नवा आरंभ करून देणे. निधीचा सर्वांत मोठा वाटा या चौथ्या उद्देशावर खर्च झाला. जिल्हा समित्यांनी शेतकऱ्यांना बैल-रेडे व बियाणे घेण्यासाठी रोख रकमा दिल्या, आणि त्या परत घ्यावयाच्या नव्हत्या.

याच काळात सरकारी तगाईही वाटली जात होती. १८८३ चा जमीन-सुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा हे तिचे दोन आधार. यांपैकी दुसऱ्याखाली बियाणे, गुरे व संकटनिवारण यांसाठी कर्ज मिळे आणि न फेडल्यास ते जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. १९०१ च्या दुष्काळ आयोगाने, ज्याचे अध्यक्ष सर अँटनी मॅक्डॉनेल हे मध्यप्रांताचे पूर्वीचे प्रभारी चीफ कमिशनर होते, एक महत्त्वाची शिफारस केली : संकटाची चाहूल लागताच तगाई उदारपणे वाटावी, म्हणजे लोकांना धीर येईल. शेतकरी खचल्यावर दिलेल्या दहा रुपयांपेक्षा खचण्यापूर्वी दिलेला एक रुपया अधिक काम करतो, असा या विचाराचा आशय आहे. मृगापूर्वी हाती आलेली रक्कम आणि भाद्रपदात आलेली रक्कम यांतील भेद सरकारी कागदांत येथे स्पष्टपणे ओळखला गेला. दुष्काळात गमावलेल्या लक्षावधी जीवांच्या किंमतीवर मिळालेले हे ज्ञान होते.

तरीही तगाई व निधी या दोहोंचा एक सामाईक गुण नजरेआड करता येत नाही. पैसा रोख होता, पण त्याचे प्रयोजन देणाऱ्याने ठरविले होते आणि ते जमिनीशी जोडलेले होते. बैल घ्यावयाचा तर नांगरावयास बांधी हवी. बियाणे घ्यावयाचे तर पेरावयास जागा हवी. ज्याच्याकडे मौरूसी हक्काची जमीन होती तो 'पूर्वस्थितीस' येऊ शकत होता. सालदार, मजूर, विणकर यांची पूर्वस्थिती कोणती आणि त्यांना कशाने तेथे परत न्यावयाचे, याचे उत्तर 'बैल-बियाणे' या दोन शब्दांत नव्हते. त्यांच्या वाट्याला कपडा, घोंगडी आणि कामे बंद होताना घरी परतण्यापुरती काही दिवसांची मजुरी आली. जिल्हा समितीच्या हिशोबात किती रक्कम कशासाठी वाटली हे येते; घेणाऱ्याला ती कशासाठी हवी होती या प्रश्नाला रकाना नसतो. इतिहासाच्या अभ्यासकाला म्हणून लोकांच्या आकांक्षा मदतीच्या नोंदींतून थेट वाचता येत नाहीत. मदतीचे रूप आणि धानाचे वर्ष यांची सांगड न बसल्याने जेथे पैसा ठरविलेल्या मार्गावरून ढळला, तेथे त्या शोधाव्या लागतात.

असा ढळण्याचा सर्वांत मोठा मार्ग म्हणजे कर्जफेड. धानपट्ट्यात बियाण्याचे व पोटगीचे धान सवाईने किंवा दिढीने उचलले जाई. पावसाळ्यात एक खंडी घेतलेल्या माणसाने सुगीत सव्वा किंवा दीड खंडी द्यावयाची. जो सावकार तोच पुष्कळदा मालगुजार, आणि पुढच्या आषाढात पुन्हा त्याच्याच दारी उभे राहावयाचे. अशा स्थितीत हाती आलेल्या रकमेतून जुने देणे काही अंशी भागविणे म्हणजे उधळपट्टी नव्हे. पुढच्या वर्षीच्या अन्नाचा तो विमा होता. अधिकाऱ्यांना मात्र हे पटणे कठीण जाई. शेतकरी लग्नात पैसा उडवितो म्हणून कर्जबाजारी होतो, हे त्या काळचे आवडते निदान. दख्खनच्या दंग्यांच्या चौकशी आयोगानेसुद्धा १८७६ साली, लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असे नमूद करूनही ते निदान मागे हटले नाही. आजही रोख मदतीचा विषय निघाला की 'दारूत जाईल' हा आक्षेप ज्या खात्रीने मांडला जातो, ती खात्री याच परंपरेतील आहे. मध्यप्रांत सरकारने १९३३ साली कर्ज-समेटाचा कायदा केला. असा कायदा करणारा हा देशातील पहिला प्रांत होय. कर्ज हाच मूळ प्रश्न आहे, हे सरकारने मान्य करण्यास दुष्काळानंतर तीन दशके जावी लागली.

स्वातंत्र्योत्तर काळाचा आरंभीचा भाग येथे थोडक्यात सांगता येईल. मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून संपली, तलाव सरकारजमा झाले, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९७२-७३ च्या दुष्काळातून राज्यभर रोजगार हमीची कल्पना दृढ झाली आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप मिळाले. परंतु ती मजुरी होय, साहाय्य नव्हे, आणि धानपट्ट्यात जेव्हा पोटाची खरी तंगी असते त्या चिखलाच्या महिन्यांत मातीकाम निघणे कठीणच. १९८० ची संजय गांधी निराधार अनुदान योजना नियमित रोख साहाय्याची खरी सुरुवात म्हणता येईल. ती मात्र कुटुंब उभे करण्यासाठी नव्हती, कुटुंब उरले नाही अशांसाठी होती.

धानाच्या वर्षाशी नाते सांगणारी योजना १९७८ मध्ये आली. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात उपाशी राहावे लागू नये आणि सावकाराकडे जावे लागू नये म्हणून खावटी कर्ज देण्यात येऊ लागले. खावटी हा शब्दच बोलका आहे. खाण्यासाठी घेतलेले, उत्पादनासाठी नव्हे. बँकेच्या शास्त्रात अशा कर्जाला स्थान नाही, पण गोंड-हलबा वस्तीच्या देवरी-सालेकसा भागातील सुगीपर्यंतच्या दोन महिन्यांचे याहून नेमके वर्णन दुसऱ्या शब्दाने होणार नाही. योजना मध्यंतरी बंद पडली आणि करोनाच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, संपूर्ण अनुदानाच्या रूपाने पुन्हा आणण्यात आली. प्रत्येक पात्र कुटुंबास ४,००० रुपये; त्यांपैकी २,००० खात्यात रोख आणि २,००० च्या वस्तू : डाळी, कडधान्ये, तेल, साखर, मीठ, मिरची, चहा. अन्नछत्र की रोकड, हा १९०० सालचा वाद येथे बरोबर निम्मा-निम्मा करून मिटविलेला दिसतो. या वाटणीवर टीका झाली ती योग्यच होती. वस्तूंची खरेदी, निविदा व वाहतूक यांत वेळ गेला आणि २०२० च्या पावसाळ्यासाठी कल्पिलेली मदत पुढील वर्षापर्यंत लांबली. पोटाच्या रुपयाचा महिना चुकला की तो पोटाचा राहत नाही.

घरकुलाची गोष्ट याच्या उलट. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १,२०,००० व दुर्गम तसेच नक्षलग्रस्त म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांसाठी १,३०,००० रुपये ठरले. रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी खात्यात जमा होते. केनियातील पत्र्याचे छप्पर आणि येथील कवेलूच्या जागी घातलेला स्लॅब यांमागची ओढ एकच आहे. दर वैशाखात छपरावर होणारा खर्च व श्रम कायमचे वाचवावेत, ही ती ओढ. अशा कुटुंबाला गुंतवणूक शिकविण्याची गरज नसते. एवढी रक्कम एकत्र साचण्याची सोय तेवढी नसते.

आता धानाच्या बोनसकडे वळू. आधारभूत किंमतीवर राज्य सरकार प्रतिक्विंटल जादा रक्कम देई. २०१९-२० व २०२०-२१ च्या हंगामांत ती ७०० रुपये होती, ५० क्विंटलच्या मर्यादेपर्यंत. खरेदी पणन महासंघ व आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवर होई. ज्याला केंद्राची वाट पाहणे परवडे त्याला बोनस मिळे. ज्याला चुरणे संपताच देणे भागवावयाचे असे तो व्यापाऱ्याला धान घाली आणि बोनसला मुके. गैरव्यवहाराच्याही तक्रारी होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात सरकारने पद्धत बदलली आणि हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, खात्यात देण्याचे जाहीर केले. पुढील वर्षी ही रक्कम २०,००० करण्यात आली. केंद्राची २०१९ पासूनची वर्षाला ६,००० रुपयांची किसान सन्मान योजना आणि राज्याची २०२३ ची तेवढ्याच रकमेची जोड-योजना यांनाही आधार जमिनीच्या नोंदीचाच.

क्विंटलकडून हेक्टरकडे जाणे ही वरवर पाहता हिशोबाची सुधारणा आहे. प्रत्यक्षात तिने हक्कदार बदलला. क्विंटलवर दिलेला पैसा धान विकणाऱ्याकडे जातो, हेक्टरवर दिलेला पैसा सातबाऱ्यावरील नावाकडे. बटईने किंवा ठेक्याने बांधी कसणारा, जो बी, खत व रोवणीची मजुरी स्वतः घालतो, त्याचे नाव त्या उताऱ्यावर नसते. दोन हेक्टरांच्या मर्यादेत पूर्ण लाभ म्हणजे ४०,००० रुपये, अर्ध्या एकराच्या धन्यास सुमारे ४,०००, भूमिहीनास शून्य. १८९७ च्या चौथ्या उद्देशाने ज्यांना वगळले जवळजवळ तेच येथे वगळले गेले, फरक इतकाच की त्या वेळी ते यादी करणाऱ्याच्या नजरेतून सुटले आणि या वेळी संगणकातून.

हे अपरिहार्य नव्हते, याचे प्रमाण जिल्ह्याच्या पूर्व सीमेपलीकडेच आहे. छत्तीसगडने २०२० मध्ये धान उत्पादकांना एकरी रोख साहाय्य सुरू केल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी वर्षाला ६,००० रुपयांची स्वतंत्र योजना काढली; पुढे सरकार बदलले, योजनेचे नाव बदलले, आणि जानेवारी २०२५ पासून ती रक्कम १०,००० झाली. उत्तरेस बालाघाटकडे मध्यप्रदेशात जून २०२३ पासून स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,००० व लवकरच १,२५० रुपये जमा होऊ लागले. आमगाव-सालेकसा भागातील कुटुंबांचे रोटीबेटीचे व्यवहार या दोन्ही राज्यांत आहेत. एकाच घराण्यातील तीन बहिणी तीन राज्यांत नांदत असल्या, तर सरकार कोणाला काय समजते याची तुलना मंडईच्या दिवशी एकाच ओसरीवर होऊ शकते.

महाराष्ट्राने २८ जून २०२४ रोजी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लक्ष रुपयांपर्यंत, दरमहा १,५०० रुपये. ती निवडणुकीच्या वर्षी आली, हे सांगावयास नको. तथापि धानपट्ट्याच्या इतिहासात तिचे स्थान वेगळे आहे, आणि त्याची कारणे दोन. तिला जमिनीचा उतारा लागत नाही, आणि ती प्रयोजन विचारत नाही. बैल, बियाणे, खावटी, घरकुल यांपैकी कोणतेही नाव या रकमेला नाही. रोवणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईच्या स्वतःच्या नावावर, मजुरीखेरीज, दरमहा ठरल्या रकमेने पैसा येण्याची सोय यापूर्वी नव्हती. पहिले दोन हप्ते एकत्र, म्हणजे ३,००० रुपये, राखीपौर्णिमेच्या आधी ऑगस्टच्या मध्यास जमा झाले. येथे तो काळ रोवणी उरकण्याचा, पोळ्याच्या आधीचा, कोठी रिकामी होण्याचा. योजनाकारांनी तो मुहूर्त बहीणभावाच्या सणावरून धरला. पंचांगाच्या योगाने तो खावटीचा मुहूर्त ठरला. त्यानंतर मात्र रक्कम दर महिन्याची झाली, आणि दर महिन्याच्या पैशाने धानपट्ट्यातील घराच्या आशा कशा बदलतात हा अभ्यासाचा नवा विषय आहे. एकरकमी पैसा छपराकडे व कर्जाकडे पाहतो. महिन्याचा पैसा किराण्याच्या उधारीकडे, शाळेकडे, औषधाकडे आणि बचत गटाच्या हप्त्याकडे. बचत गटाचा हप्ता नियमित भरता येणे म्हणजे पुढे एकरकमी कर्ज मिळण्याची पात्रता, हे बायकांना चांगले ठाऊक असते. लहान रकमेला मोठी करण्याची ही वाट दिढीच्या काळी उपलब्ध नव्हती.

जमिनीची सावली या योजनेवरूनही पूर्णपणे हटलेली नाही. ज्या स्त्रीच्या नावे शेती असून तिला किसान सन्मानाच्या दोन्ही योजनांचे मिळून दरमहा १,००० रुपये पडतात, तिला येथून फरकाचे ५०० च मिळतात. स्त्रीच्या नावावर सातबारा करून घेण्याची ही उलटी किंमत म्हणावी लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थींची ओळख-पडताळणी सक्तीची झाली, तेव्हा स्त्रीच्या स्वतःच्या आधार क्रमांकाबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधार क्रमांकाचीही पडताळणी मागण्यात आली. विधवा, परित्यक्ता व वडील हयात नसलेल्या स्त्रिया यांची त्यामुळे अडचण झाली आणि नियमात सवलत देऊन मुदत वर्षअखेरीपर्यंत वाढवावी लागली. त्या वर्षी मुदतीचे हे महिने आणि धान कापणी-चुरण्याचे महिने एकच होते. मजुरीचा दिवस सोडून पडताळणीच्या रांगेत उभे राहावे की रांग सोडून बांधीत जावे, हा हिशोब घरोघरी करावा लागला.